सही करण्याआधी आणि नाही म्हणण्याआधी



चुडाव्याच्या बैठकीत सोयाबीनचा भाव झाला, विमा झाला, जळालेल्या डीपीचा विषय झाला. सतरंज्या गोळा व्हायला लागल्या तेव्हा एक बाई मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी चार-पाच पानांचा कागद काढला. त्यांचे मालक आठ महिन्यांपासून बाजेवरून उठत नाहीत. शेताकडे जात नाहीत, पोरांशी बोलत नाहीत, रात्री तीनला उठून बसतात. शहरातल्या एका दवाखान्यात नेले, तर तिथे सांगितले की नैराश्यावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे, भाग घ्यायचा तर इथे सही करा. कागद इंग्रजीत, सांगणाऱ्याला घाई. बाई म्हणाल्या, "भाऊ, आमच्या माणसावर उंदरासारखा प्रयोग करतेत का? करू का सही?"

भोवतीच्या दोघा-तिघांनी लगेच "नका करू" म्हणून टाकले. आम्हीही तेच म्हणणार होतो. मग वाटले, हे म्हणायचा अधिकार आम्हाला कुठून आला? कृषीची पदवी घेतल्यावर आमची पहिली दहा वर्षे चाचण्यांच्या प्लॉटमध्येच गेली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेला नांदेड-44 आपल्या बापजाद्यांनी लावला, तो काही कुणाला स्वप्नात दिसला नव्हता. जुन्या वाणाशेजारी नवा वाण लावायचा, कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे आवडत्या वाणाला कुणी चांगली जमीन देणार नाही, आणि मग मापे घ्यायची. औषधाचेही तसेच. डॉक्टरच्या मनात नव्या उपचाराविषयी लोभ असतो. त्याने हलका आजार असलेले रोगी नव्या गटात घातले तर उपचार उगाच चांगला दिसेल, म्हणून तिथेही चिठ्ठी.

फरक एवढाच की वाफ्याला विचारावे लागत नाही, आणि फसलेल्या प्लॉटावर नांगर फिरवता येतो. माणसावर येत नाही.

चाचणी नीट केली तर काय होते ते शेजारच्या गोव्यात दिसले. तिथल्या 'संगाथ' संस्थेने 2013 ते 2015 या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याने बऱ्यापैकी ग्रासलेल्या 495 लोकांना चाचणीत घेतले. एका गटाला आरोग्य केंद्रातला नेहमीचा उपचार, तोही थोडा सुधारून. दुसऱ्याला तोच उपचार आणि जोडीला स्थानिक समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक मानसोपचाराचे पदवीधर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. हुरूप आल्यावर काम करू असे नाही, आधी छोटे काम, मग हुरूप, अशी त्यांची रीत. तीन महिन्यांनी नुसत्या उपचाराच्या गटातले शंभरात 39 जण आजारातून बाहेर आले होते, समुपदेशनाच्या गटातले 64. तुलनेच्या गटालाही कुणी वाऱ्यावर सोडले नव्हते, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे सुरुवातीला शंभरात चार होते, दीड वर्षाने सत्तावीस झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्यावर आले. काम मोलाचे आहे, पण आमच्यातला कृषीवाला गप्प बसत नाही: तुलनेला दुसरी गावे ठेवली नव्हती, तेव्हा यातले प्रकल्पाचे किती आणि त्या सालच्या पावसापाण्याचे किती, हे कसे सांगणार?

भीतीही फुकाची नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषध-चाचण्यांविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर नियम आवळले गेले आणि 2019 मध्ये नवे नियम आले. त्याप्रमाणे माहितीचा कागद रोग्याला समजेल अशा भाषेत हवा, सही केलेल्या संमतीची प्रत घरी न्यायला मिळाली पाहिजे, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. मध्येच बाहेर पडता येते आणि त्यावरून नेहमीचा उपचार तोडता येत नाही. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट आणि ती चाचणीमुळे झाली असेल तर भरपाईही. आणि बाईंना आम्ही मुख्य सांगितले ते हे, की सही तुमची नाही, मालकांची. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा आहे. त्यात संशोधनाला रोग्याची स्वतःची संमती लागते. तो देऊ शकत नसेल तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते, घरच्यांच्या एकट्या सहीवर भागत नाही.

चाचणी खरी की बनावट हे पाहायची सोयही आहे. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून इंटरनेटवर फुकट बघता येते. इंग्रजीत आहे, पण गावातले कॉलेजचे कुठलेही पोर 'डिप्रेशन' टाकून शोधून देईल. कोणत्या दवाखान्यात चालू आहे, पैसा कुणाचा, नैतिकता समितीची मान्यता आहे का, अजून माणसे घेतात का, सगळे तिथे असते. नोंद आहे म्हणजे चाचणी चांगलीच, असे मात्र नाही. मग डॉक्टरला विचारा: तुलनेच्या गटाला काय देणार, खोटी गोळी की चालू उपचार? सध्याची गोळी बंद करावी लागेल का? एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? गुण आला तर चाचणी संपल्यावर औषध मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांचा चेहरा पडतो, म्हणून तो जरूर विचारा.

चाचणी मिळेपर्यंत माणूस बाजेवर ठेवायचा नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचा उपचार मिळतो. जीव द्यायची भाषा कानावर आली तर एकटे सोडू नका, औषध-फवारणीचे डबे कुलपात घाला, 14416 वर फोन करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे सभांमध्ये आत्महत्यांचे आकडे वाचून दाखवले. भाव पडतो तसा माणूसही पडतो हे बरोबरच होते, पण पडलेल्याच्या घरी जाऊन "झोप लागते का?" एवढे विचारायला आम्हाला फार उशीर झाला.

दुसरा हिशेब संघटनेचा. कापसाची चाचणी आपल्या काळ्या जमिनीत झाली म्हणून वाण आपल्याला लागू पडला. नैराश्यावरच्या चाचण्या शहरातच होणार असतील तर आठ एकर कोरडवाहूवाल्याला, घरी औषधाचा डबा असणाऱ्याला काय लागू पडते हे कोण पाहणार? परभणी आणि नांदेड, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गोव्यातल्यासारखी चाचणी पूर्णा तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत घ्यावी, कागद मराठीत असावा आणि जे गुणकारी ठरेल ते आशाताईंना शिकवून इथेच ठेवावे, असा ठराव पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही मांडणार आहोत.

बाई दुसऱ्या आठवड्यात भाच्याला घेऊन परत त्या दवाखान्यात गेल्या आणि मराठी कागद मागितला. तो अजून आलेला नाही. सही झालेली नाही. मालकांना त्यांनी जिल्हा रुग्णालयात दाखवले, गोळ्या सुरू आहेत, आणि परवा ते विहिरीपर्यंत जाऊन आले.