निरोपाचा चहा कुणी करायचा?

मैत्रिणींनो, शाळा असो की ऑफिस, निरोपसमारंभ म्हटला की शाल, श्रीफळ, भाषणं आणि शेवटी चहा हे ठरलेलंच. आमच्या शाळेत हा चहा इतकी वर्षं शिपाईमावशी करत आल्या. यंदा निवृत्त व्हायची पाळी त्यांचीच होती. मग त्यांच्या निरोपाचा चहा कुणी करायचा?

मावशींची कागदोपत्री जन्मतारीख १ जून. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी सर्रास हीच लिहून टाकत. १ तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ३१ मेला. ऐन सुट्टीत! मावशी गुपचूप घरी गेल्या असत्या. म्हणून आम्ही एप्रिलमधला शेवटचा शनिवार धरला आणि ठरवलं, त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

पण शाळेतलं प्रत्येक कपाट मावशीच उघडतात! म्हणून सामान माझ्या घरी ठेवलं. मोबाइलवरच्या गटात मावशीही आहेत, म्हणून निरोप कुजबुजत द्यायचे. चार दिवसांनी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता मावशी म्हणाल्या, "बाई, माझं काही चुकलं का? मी आले की सगळ्या गप्प होता."

माझ्या पोटात अगदी कालवाकालव झाली. आनंद द्यायला निघालो आणि बाईला परकं करून बसलो! लगेच सांगून टाकलं, "मावशी, शनिवारी तुमचा निरोपसमारंभ आहे. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही." गुपित फक्त एकच ठेवलं. परगावची लेक नातवाला घेऊन येणार होती, तेवढं.

आता हिशेब सांगते. २५ माणसांसाठी अडीच किलो बटाट्यांचे साधारण ५० वडे होतात. भाजी आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवावी, वडे मात्र आयत्या वेळी तळावेत. चहाला दीड लिटर दूध आणि तेवढंच पाणी पुरतं. भेटवस्तू ठरवण्याआधी घरच्यांना जरूर विचारा. मावशींच्या सूनबाई म्हणाल्या, "त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही." म्हणून शोभेच्या वस्तूऐवजी हात टेकता येतील अशी खुर्ची घेतली.

शनिवारी लेकीला दारात पाहून मावशींनी पदर डोळ्यांना लावला. चहा झाल्यावर सवयीनं कपबशा गोळा करायला उठल्या, तर मुख्याध्यापिकाबाईंनी हात धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. "चहा कसा झालाय मावशी?" मी विचारलं.

"बरा झालाय," मावशी म्हणाल्या, "आलं जरा कमी पडलं."

सगळ्या खो खो हसलो. तेव्हा मैत्रिणींनो, गुपित जरूर ठेवा, पण ज्याच्यासाठी एवढा घाट घातला, त्यालाच चार दिवस एकटं पाडू नका. आणि हो, चहात आलं जरा सढळ हातानं घाला!