मोठा विमादावा आता जिल्ह्याच्या कोर्टकचेरीत

१९१० साली औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, ती जाळली गेली. त्याच वर्षी संस्थान विलीन झाले आणि औंधचा विखुरलेला मुलूख पुढे मुख्यतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाटला गेला. वाडी पुन्हा उभी राहिली; पण या टापूचे संकट संपले नाही. आता पाणी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, पलूस तालुक्यातली नदीकाठची गावे आणि सांगलीच्या पेठा बुडाल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

अशा वेळी कारखानदार विमा कंपनीला फोन करतो आणि सर्व्हेअरची वाट पाहतो. वकील त्याला आठवतो तो दावा फेटाळल्याचे पत्र हातात पडल्यावर. तोवर चिखलात भिजलेल्या मोटारी भंगारात गेलेल्या असतात आणि क्लेम फॉर्मवर घाईत लिहिलेला एखादा आकडा त्याच्याच विरोधात उभा राहिलेला असतो. वकिलाची खरी गरज पहिल्या पंधरवड्यात असते, आणि हे अशिलाला सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

आपली म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्यांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक आयोगाची आर्थिक अधिकारिता मागितलेल्या भरपाईवर न ठेवता मोजलेल्या मोबदल्यावर ठेवली. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याचे प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते. तीन लाख हप्ता भरणाऱ्या कारखान्याचा आठ कोटींचा दावा म्हणून सांगली किंवा साताऱ्यातच दाखल होणार. उद्योजक हा ग्राहकच नव्हे, हा कंपन्यांचा जुना आक्षेपही हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोडीत काढला. ते नुकसान २००२ च्या गुजरात दंगलीतल्या आगीचे होते. नुसता ‘ग्राहक’ ठरायला एकवीस वर्षे लागली. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या वकिलांकडे बोट दाखवून आपल्याला आता मोकळे होता येणार नाही.

सुरुवात पॉलिसीपासून करावी. अशिलाकडे बहुधा पहिले पानच असते. अटींचा मजकूर बँकेत पडलेला असतो किंवा कधी मागितलेलाच नसतो. तो मागवून घ्या. प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत वादळ-पुराचे आणि दंगलीचे संरक्षण हप्ता वाचवण्यासाठी वगळून घेता येत असे. ते वगळले आहे का, हे पहिल्या दिवशीच कळले पाहिजे. त्याच पॉलिसीत नुकसानीपासून १५ दिवसांत तपशीलवार लेखी दावा देण्याची अट आहे. पुरात हिशेबाची दप्तरेच वाहून गेली असतील तर मुदतवाढ मागा, पण लेखी मागा आणि पोच ठेवा.

मग आकडे. एक कोटीच्या मालाचा विमा ६० लाखांचाच उतरवला असेल, तर २० लाखांच्या नुकसानीचे हाती १२ लाखच येतात. एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ आहे, त्यापलीकडची नाही. बँकेला दरमहा दिलेले स्टॉक स्टेटमेंट आणि दाव्यातला साठा यांत तफावत असेल, तर ती सर्व्हेअरने शोधण्याआधी तुम्ही शोधा. अशिलाच्या सीएला सोबत बसवा. वाढवून सांगितलेला एक आकडा खऱ्या नऊ आकड्यांना बुडवतो, हे अशिलाला स्पष्ट शब्दांत सांगायला कचरू नका.

सर्व्हेअरला शत्रू मानणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे. विमा कायद्याच्या कलम ६४-यूएमप्रमाणे तो परवानाधारक असतो. तो येईल तेव्हा जागेवर हजर राहा, साल्व्हेज त्याने पाहीपर्यंत हलवू देऊ नका, दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी सही घेऊन ठेवा. अहवाल विरोधात गेला तरी तो अंतिम शब्द नव्हे. प्रदीप कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच तसे म्हटले आहे. पण तो खोडायला पुरावा लागतो, आवेशपूर्ण नोटीस पुरत नाही.

पैशाची निकड असलेला माणूस ‘पूर्ण आणि अंतिम’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही करतो. तेवढ्याने हक्क संपत नाही, हे विमा नियामकाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून सांगितले आहे. तरी सही दबावाखाली झाली असेल तर हरकत ताबडतोब लेखी नोंदवायला हवी. वर्षभराने आठवलेला दबाव कोणी मानत नाही.

फीबद्दलही बोलले पाहिजे. दाव्याच्या रकमेत टक्का ठरवण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. इथे बार कौन्सिलचे नियम निकालावर अवलंबून असलेली फी मना करतात. तरीही पूर ओसरल्यावर टक्केवारीची बोलणी होतात. ज्याचे छप्पर गेले आहे त्याच्याशी असा सौदा करणे नियमबाह्य तर आहेच, निर्दयही आहे.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची आहे. पण जुन्या अग्निविमा पॉलिसीतली अट कंपनीने जबाबदारी नाकारल्यापासून १२ महिन्यांची आहे. कमी मुदत धरूनच चाला. आणि पावसाळ्याआधी आपल्या भागातल्या प्रत्येक उद्योजक अशिलाकडून पॉलिसीची संपूर्ण प्रत मागून घ्या, वाचा, आणि त्यात पुराचे संरक्षण आहे की नाही हे त्याला लेखी कळवा.