पहिली पायरी निसटली, तर दुसरी चढू नका!



आपल्या इगतपुरीहून कसाऱ्याकडे गाडी घाट उतरते, तेव्हा उतार असतो ३७ फुटांना १ फूट! हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. एवढ्या उतारावर गाडी आवरली नाही तर? त्यासाठी बाजूला चढाचा एक आडमार्ग ठेवलेला असतो. त्याला म्हणतात ‘कॅच सायडिंग’. सांधा एरवी त्या आडमार्गाकडेच असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ‘सगळं ठीकच असेल’ असं इथे कुणी धरून चालत नाही, बरं का!

आता संगणकाकडे वळू. लिनक्सच्या संगणकात आपण टाइप केलेले हुकूम ऐकणारा कार्यक्रम म्हणजे ‘शेल’. ‘बॅश’ हा त्यातला प्रसिद्ध शेल १९८९ साली आला. बरेच हुकूम ओळीने एका फाइलीत लिहिले, की झाली ‘स्क्रिप्ट’. गंमत अशी, की एखादी ओळ फसली तरी शेल सहसा थांबत नाही. तो खुशाल पुढची ओळ करतो!

समजा, पहिली ओळ आहे, ‘जुने नावाच्या फोल्डरमध्ये जा’, आणि दुसरी, ‘इथलं सगळं पुसून टाक’. फोल्डरचं नाव चुकलं, तर शेल आहे तिथेच राहील. आणि मग पुसलं काय जाईल? आजीचे फोटो, ताईचा प्रकल्प! ‘आरएम’ने पुसलेलं कचरापेटीतही सापडत नाही.

यावर उपाय आहे. प्रत्येक हुकूम संपताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे काम फत्ते, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं. १२७ आला, तर तो हुकूमच सापडला नाही असं समजा. दोन हुकुमांच्या मध्ये && लिहिलं, की पहिला फत्ते झाला तरच दुसरा होतो. हाच आपला घाटातला सांधा! स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ई’ लिहिलं, तर चूक होताच स्क्रिप्ट थांबते. पण काही ठिकाणी, जसं ‘इफ’च्या अटीत, ती थांबत नाही. म्हणून सगळी भिस्त त्यावर नको.

आणखी एक. स्क्रिप्ट दोन तऱ्हांनी वापरता येते. ती ‘चालवली’, तर आपला शेल एक वेगळा शेल कामाला लावतो. त्याने फोल्डर बदललं, तरी आपण जिथल्या तिथे. तीच स्क्रिप्ट ‘सोर्स’ केली, तर आपलाच शेल तिच्या ओळी करतो आणि बदल आपल्याकडेच राहतात. मग तिच्यात ‘एक्झिट’ असेल तर? आपलाच शेल बंद! तिथे ‘रिटर्न’ लिहावं. ‘सेट -ई’सुद्धा मागे उरतं, नंतरच्या एका साध्या चुकीनेही शेल बंद होतो. पण ध्यानात ठेवा, पुसलेली फाइल दोन्ही तऱ्हांत खरोखरच जाते.

करून पाहा : आई-बाबांना शेजारी बसवा. एका फाइलीत फक्त फोल्डर बदलण्याची ओळ लिहा. आधी ती चालवा, मग सोर्स करा. दोन्ही वेळी ‘पीडब्ल्यूडी’ देऊन विचारा, ‘मी कुठे आहे?’ उत्तर काय येईल, ते मात्र आधी वहीत लिहा हं!