नंबर गाडीचा आहे, खिडकीवरच्या साहेबांचा नाही

१९५५ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळलेल्या फियाट ११०० ला आजच्या तारखेचा नंबर ठोकणं म्हणजे सरकारी दप्तरात खोटी नोंद करणं. शब्द कडक आहेत आणि ते मी विचार करून वापरतो आहे. या गाडीला मुंबईत सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. तशी एक माझ्याकडे आहे. तिचं मूळ आरसी बुक माझ्याकडे आहे, त्यात 'बीएम'ने सुरू होणारा नंबर आहे, आणि तोच नंबर काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात कुणा पेंटरने हाताने काढलेला आहे. एवढं सगळं समोर ठेवल्यावर एका कार्यालयाच्या खिडकीवर मला उत्तर मिळालं, "जुना नंबर सिस्टीमला दिसत नाही. व्हिंटेजचा नवीन घेऊन टाका, पटकन होईल."

सिस्टीमला दिसत नाही, हा दोष सिस्टीमचा. तो माझ्या गाडीच्या माथी का?

नियम काय म्हणतो ते आधी बघू, कारण खिडकीवर तो कुणी वाचलेला नसतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, इंजिन-चासी-बॉडीत मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. अर्ज करायचा, विमा आणि जुनं आरसी जोडायचं, ६० दिवसांत प्रमाणपत्र मिळायचं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीला ५ हजार. आणि त्याच नियमांत स्पष्ट आहे की, ज्या गाडीची नोंदणी आधीच झालेली आहे तिला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' असलेली नवी मालिका आहे ती पहिल्यांदाच नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी, म्हणजे बाहेरून आणलेल्या किंवा ज्यांचे कागदच उरले नाहीत अशा गाड्यांसाठी. माझ्या गाडीचा त्या मालिकेशी काडीचा संबंध नाही.

मग 'व्हीए घ्या' हा आग्रह कशासाठी? कारण नवा नंबर काढणं म्हणजे बटण दाबणं, आणि जुना शोधायचा तर तळघरातलं रजिस्टर उघडावं लागतं. संगणक येण्याआधीच्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत. त्या आजच्या प्रणालीत चढवायच्या तर बॅकलॉग एन्ट्री करावी लागते, कुणीतरी मूळ पान पाहून सही करावी लागते. ही सही टाळण्यासाठी ७० वर्षांचा नंबर पुसायला लोक तयार आहेत. आणि बाहेर उभा असलेला एजंट त्यांच्याच बाजूचा, कारण त्यालाही काम लवकर उरकायचं असतं.

नंबरात एवढं काय आहे, असं विचारणाऱ्यांना मला थोडं थांबवायचं आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली राज्यांना अक्षरं वाटलेली होती. मुंबई राज्याच्या गाड्यांवर 'बीएम', 'बीवाय' दिसायचं. १९५५ चं मुंबई राज्य कुठवर होतं? बेळगाव, धारवाड, विजापूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्यातच होते. अहमदाबाद आणि सुरत १ मे १९६० ला बाहेर पडले. मराठवाडा आणि विदर्भ मात्र तेव्हा त्यात नव्हते. ज्या सीमेवरून आपण आजही भांडतो, तिच्या आधीचा नकाशा माझ्या गाडीच्या बंपरवर रंगवलेला आहे. गोव्यातल्या 'जीडी'ने सुरू होणाऱ्या पाट्या पाहा, त्या केंद्रशासित गोवा-दमण-दीवच्या काळातल्या. १९८७ ला राज्य झालं तेव्हा ती ओळख संपली. संस्थानांच्या गाड्यांच्या तर स्वतंत्र मालिका होत्या. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते तेव्हा हजारो लोक रस्त्याकडेला उभे राहतात, आणि ती गाडी आज आपल्याला बघायला मिळते याचं कारण कुणीतरी ती आहे तशी जपली. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाला आणि 'एमएच' आलं. त्या तारखेपूर्वीचा प्रत्येक मूळ नंबर हा आता वाढू न शकणारा साठा आहे. तो फक्त कमी होऊ शकतो, आणि आपण तो रोज कमी करतो आहोत.

चासी नंबर कारखान्याने दिला, गाडीचा नंबर समाजाने दिला. घरातल्या आजोबांचं आधार कार्ड काढताना त्यांची जन्मतारीख नव्याने ठरवत नाहीत. इथे तेच सर्रास चाललं आहे.

राज्य बदललं की आणखी एक सुरी फिरते. १९८८ च्या कायद्याचं कलम ४७ सांगतं की, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्या. रोज धावणाऱ्या गाडीसाठी हे समजू शकतं, कर कुणी घ्यायचा हा प्रश्न असतो. पण कोलकात्यात जन्मलेली, 'डब्ल्यूबी'ची जुनी पाटी असलेली गाडी पुण्यातल्या माणसाने विकत घेतली, ती वर्षातून दोन-चार रॅलींना निघते, तिची कोलकात्याची ओळख पुसून कुणाचं काय भलं होतं? एनओसी आली की जुना नंबर मेला, हा हिशेब या गाड्यांना लावणाऱ्यांनी एकदा त्या गाडीसमोर उभं राहून तो बोलून दाखवावा.

आता पाटीबद्दल. नंबर टिकला तरी पाटी मारायची अशी दुसरी तयारी आहे. हाय सिक्युरिटी पाटी म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की न निघणारं स्नॅप लॉक. मापं ठरलेली, चारचाकीला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर. आजच्या गाडीवर ती जरूर लावा. चोरी आणि बनावट नंबरांना त्याने आळा बसतो, हे मला मान्य आहे. पण जुन्या गाड्या या मापांना धरून बनल्या नव्हत्या. कुठे मागच्या डिकीवर पाटीसाठी चौकोनी खोबण आहे आणि तिच्यावर कारखान्यातला दिवा आहे, कुठे मोटारसायकलच्या पुढच्या मडगार्डवर चाकाच्या वळणाने वाकलेली पाटी आहे. तिथे लॉक ठोकायला ड्रिल मारायचं तर ते मूळ पत्र्यात मारावं लागतं. ज्या पत्र्यात फेरफार नाही म्हणून तुम्ही गाडीला व्हिंटेज म्हणता, त्याच पत्र्याला तुमच्या पाटीसाठी भोक पाडायचं! हा विचार करून घेतलेला निर्णय असूच शकत नाही.

सुरक्षेचं कारण पुढे करतील. मग ब्रिटनकडे बघा. १९८० पूर्वी बनलेल्या आणि ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या गाडीला तिथे काळ्यावर चंदेरी अक्षरांची जुनी पाटी कायदेशीर आहे. संगणकात नोंद न गेल्यामुळे हरवलेला मूळ नंबर परत मागण्यासाठी तिथे व्ही ७६५ नावाचा अर्ज आहे. जुने कागद दाखवा, मान्यताप्राप्त क्लबकडून तपासून घ्या, नंबर परत घ्या. बदल्यात तो नंबर त्या गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीला देता येत नाही. कॅलिफोर्नियात तर गाडी ज्या वर्षी बनली त्या वर्षाची खरी जुनी पाटी सापडली, तर तीच नोंदवून रस्त्यावर आणता येते. या दोन्ही ठिकाणी पोलीस आहेत, कॅमेरे आहेत, गाडीचोरही आहेत.

नंबर दुसऱ्या गाडीला न देण्याची ती अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडचा खरा शत्रू तिथे बसलाय. जुन्या, कमी आकड्यांच्या नंबरांचा शौक असलेले लोक गंजलेली गाडी केवळ नंबरासाठी हेरतात आणि तो नंबर नव्याकोऱ्या एसयूव्हीवर मिरवण्याच्या खटपटीत राहतात. गाडी भंगारात, नंबर पोर्चमध्ये. या माणसांना जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणू नका, ते लुटारू आहेत. आणि यांच्यामुळे अधिकारी प्रत्येक जुन्या नंबराकडे संशयाने बघतात, त्याची किंमत आम्ही मोजतो. तेवढाच राग मला त्या मालकांचाही आहे, जे मूळ नंबर हातात असताना 'व्हीए' रुबाबदार दिसतं म्हणून स्वतःहून बदलून घेतात आणि मग रॅलीत ओरिजिनॅलिटीच्या गोष्टी सांगतात.

आणि ज्या गाड्या अजून पन्नाशीला पोचल्या नाहीत, त्यांचं तर कुणी नाव काढत नाही. १९८० ची पद्मिनी २०३० पर्यंत व्हिंटेज होणार नाही. १९८५ ची बजाज चेतक २०३५ पर्यंत नाही. तोवर त्यांना साध्या जुन्या गाडीचे सगळे फटके. दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क ५ हजारांवरून १० हजार. रोज धूर ओकत फिरणाऱ्या गाडीला हे लावा. पण महिन्यातून एकदा निघणाऱ्या, मूळ रंगातल्या पद्मिनीला तुम्ही २०३० पर्यंत जगूच देणार नसाल, तर २०३० मध्ये व्हिंटेज म्हणून नोंदवायला उरणार काय? मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, गहिवरले. ज्या मराठी घरांनी खासगी पद्मिनी आणि चेतक जपून ठेवल्यात त्यांच्यासाठी एक कलमही कुणी लिहिलं नाही.

राज्याच्या परिवहन आयुक्तांना यातलं बरंचसं दिल्लीची वाट न पाहता करता येईल. एका पानाचं परिपत्रक पुरे. मूळ आरसी समोर असेल तर तोच नंबर कायम राहील. नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याने नियमाचं कलम लिहून, सही करून लेखी नाकारावा. तळघरातली १९८९ पूर्वीची सगळी रजिस्टरं स्कॅन होतील आणि मूळ प्रती राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे जातील, कारण वाळवी परिपत्रकाची वाट बघत नाही. माझा अर्ज मी मागे घेतलेला नाही. 'व्हीए'चा रकाना त्यात रिकामा आहे आणि तो तसाच राहील. मला नकार द्यायचा असेल तर तो लेखीच हवा, म्हणजे पुढे कुठे जायचं ते मला ठरवता येईल.