प्रेक्षकांचा कौल

घरी बसून मी आजवर निदान पन्नास वेळा करोडपती झालो आहे. या विधानाला साक्षीदार हवे असतील तर आमच्या घरची मंडळी आहेत. टीव्हीवर प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लागला की मी खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि पडद्यावरचा स्पर्धक डोके खाजवीत असतो तोवर उत्तर देऊन मोकळा होतो. उत्तर बरोबर निघाले तर "सांगितलं नव्हतं?" असे म्हणतो, चुकले तर चहा मागतो. त्यामुळे आमच्याकडे अशा रात्री चहा बराच होतो, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे. ते आपण सोडून देऊ.

हे वेड जुने आहे. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले तेव्हा मी एम. ए.च्या वर्गात होतो. मूळ खेळ विलायतेतला, १९९८ सालचा. पण अमिताभ बच्चन त्या खुर्चीत येऊन बसले आणि तो आपला होऊन गेला. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या तरुणाने एक कोटी रुपये जिंकले, आणि आमच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे सामान्य ज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक आणून टाकले. पुढे २०१३ साली हा खेळ मराठीत आला, सचिन खेडेकर प्रश्न विचारू लागले, आणि मराठीचा प्राध्यापक असल्याने मला तो कर्तव्य म्हणूनही पाहता येऊ लागला. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका शाळेत महिना दीड हजार रुपयांवर मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे हिंदी कार्यक्रमात एक कोटी जिंकल्या, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी चहा आपोआप मिळाला.

अशा माणसाला गेल्या पावसाळ्यात याच वळणाच्या एका कार्यक्रमाच्या चित्रणाचे तीन पास मिळाले. आमचा एक जुना विद्यार्थी त्या क्षेत्रात आहे, त्याने ते आणून दिले. कार्यक्रमाचे नाव मी सांगत नाही. कारण जे घडले त्यात दोष माझा आहे, त्यांचा नाही.

सौ. आणि आठवीतली कन्या यांना घेऊन मी डोंबिवलीहून सकाळी निघालो. दादरला गाडी बदलून गोरेगाव, तिथून रिक्षाने चित्रनगरी. दादासाहेब फाळक्यांचे नाव असलेल्या त्या नगरीत शिरताना सौ.ने पदर सारखा केला आणि मी भांग. दारात मोबाइल काढून घेतले, पिशवी तपासली, डब्यातल्या थालीपिठांकडे संशयाने पाहिले. मग एका मांडवात अडीच तास बसवून ठेवले. त्या अडीच तासांत थालीपिठे संपली आणि नागपूरपासून सावंतवाडीपर्यंतची माणसे ओळखीची झाली.

आत गेलो तर कन्या कुजबुजली, "बाबा, हे एवढंसंच?" घरी पडद्यावर जे सभागृह इंद्राच्या दरबारासारखे दिसते ते प्रत्यक्षात आमच्या कॉलेजच्या जिमखान्याएवढे होते. सगळी भव्यता दिव्यांची आणि आरशांसारख्या चकचकीत फरशीची. मागे वळून पाहिले तर लाकडी फळ्या, दोऱ्या आणि वायरींची भेंडोळी. आणि गारठा असा की माथेरानला जाऊन बसल्यासारखे वाटावे.

मुख्य मंडळी यायची होती. तेवढ्यात हातात कागद घेतलेला एक तरतरीत तरुण पुढे आला आणि आमची तालीम सुरू झाली. "आता जोरात टाळ्या!" आम्ही वाजवल्या. "आता आश्चर्य!" आम्ही भुवया चढवल्या. "आता जरा काळजी. स्पर्धक अडचणीत आहे." समोर स्पर्धक नव्हता, खुर्ची रिकामी होती, पण आम्ही दोनशे माणसांनी त्या रिकाम्या खुर्चीची मनापासून काळजी केली. कॅमेरा आमच्या तोंडांवरून फिरत होता. सौ.ची काळजी विशेष वठली असावी, कारण तिच्याकडून ती दोनदा करून घेण्यात आली.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी नाट्यगृह आठवल्यावाचून राहत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात उभे राहिले. त्या संगीत नाटकांच्या परंपरेत प्रेक्षक हा हुकूम करणारा होता. पद आवडले की तो 'वन्स मोअर' म्हणून ओरडे आणि मरणाच्या प्रवेशातल्या नायकालाही उठून पुन्हा गावे लागे. आता रंगमंच हुकूम करतो आणि प्रेक्षक टाळ्या देतो. अर्थात यातही आपण पहिले नव्हेत. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकातच चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशाचे यंत्र तयार केले होते. बटण दाबले की हवा तेवढा हशा बाहेर पडे. आपल्याकडे निदान जिवंत माणसे बोलावतात आणि घरी जाताना त्यांचे मोबाइल परत देतात, अशी मी मनाची समजूत घातली.

पण एका बाबतीत आम्ही नुसते शोभेचे नव्हतो. प्रत्येकाच्या हाती चार बटणांचे एक लहानसे यंत्र दिले होते. स्पर्धकाला उत्तर सुचले नाही तर तो प्रेक्षकांचा कौल मागू शकतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. या कौलाचे मोलही थोडेथोडके नाही. जेम्स सुरोविएकी या लेखकाने २००४ साली समूहाच्या शहाणपणावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने अमेरिकेतल्या याच खेळाचा हिशेब दिला आहे. स्पर्धकाने निवडून ठेवलेला जाणकार मित्र दूरध्वनीवरून सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर उत्तर देतो. प्रेक्षागारात सहज येऊन बसलेली माणसे मात्र ९१ टक्के वेळा बरोबर ठरतात. २०२० साली कोरोनामुळे 'करोडपती'चे चित्रण प्रेक्षकांवाचून करावे लागले, तेव्हा हा कौलही काढून टाकावा लागला होता. टाळ्या यंत्राने मिळतात, कौल मिळत नाही.

त्या दिवशीच्या स्पर्धक बाई एका तालुक्याच्या गावच्या होत्या. शिवणकाम करीत. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडायचे, एवढ्याचसाठी आले, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. सात-आठ प्रश्न त्यांनी झपाट्याने सोडवले. पुढचा प्रश्न असा होता: यांपैकी कोणते मूळ नसून खोड आहे? गाजर, मुळा, रताळे की बटाटा? उत्तर चुकले तर मिळवलेल्यातले बरेचसे हातचे जाणार होते. बाई थांबल्या, पदराने कपाळ टिपले आणि म्हणाल्या, "मी प्रेक्षकांना विचारते."

मला आनंद झाला, कारण मला उत्तर येत होते. माझे बालपण कोकणातले. रताळ्याचे वेल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. वेलाचे तुकडे करून ते लावतात, बी पेरत नाहीत. वेल म्हणजे खोड. मग त्याला जमिनीत जे लागते ते खोडच असणार! शेजारचे एक गृहस्थ यंत्र हातात धरून माझ्याकडे पाहत होते. मी वर्गात बोलतो त्या सुरात हलकेच म्हणालो, "रताळं." त्यांनी मान डोलावली आणि बटण दाबले. पलीकडे सौ.लाही सांगितले. कन्येला सांगणार तोवर वेळ संपली.

पडद्यावर आकडे आले. बटाटा ४६ टक्के, रताळे ४१, उरलेले इतर दोन्हींना मिळून. सभागृह एकदम शांत झाले. ही शांतता कोणी शिकवलेली नव्हती. बाईंनी आकड्यांकडे पाहिले आणि मग आमच्याकडे. सगळ्या रांगांवरून त्यांची नजर सावकाश फिरली, जणू कोणावर भरवसा ठेवावा हे त्या तोंडे पाहून ठरवीत होत्या. आमच्या रांगेवरही ती क्षणभर थांबली. वाचकहो, पंचवीस-तीस विद्यार्थ्यांच्या नजरा मी रोज झेलतो. ती एक नजर मला झेलता आली नाही. त्याच क्षणी मला प्रथम शंका आली, की रताळ्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळे वेलाबद्दल आहे. रताळ्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही.

"थोडी का होईना, जास्त माणसं बटाटा म्हणतात," बाई म्हणाल्या. "बटाटा."

उत्तर बरोबर होते. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. त्यातल्या निम्म्या त्यांच्यासाठी होत्या, निम्म्या माझी सुटका झाली म्हणून.

परतीच्या गाडीत कन्येने विचारले, "बाबा, तुम्ही काय दाबलंत? मी बटाटा दाबलं. आम्हाला शाळेत झालंय ते."

"बटाटाच," मी म्हणालो.

सौ.ने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. रात्री भाजी चिरताना मात्र म्हणाली, "बटाट्याला डोळे असतात. तिथूनच कोंब फुटतात. खोडाचंच लक्षण ना ते? माणसानं कधीतरी स्वयंपाकघरात डोकवावं."

त्यानंतर मी त्या ९१ टक्क्यांचा बराच विचार केला. हे गणित सोपे आहे. समजा, दोनशे प्रेक्षकांत चाळीसच जणांना उत्तर येते. उरलेल्या एकशे साठांनी डोळे मिटून बटणे दाबली, तर त्यांची मते चारही पर्यायांत साधारण चाळीस-चाळीस अशी वाटली जातात. मग बरोबर उत्तराला ऐंशी मते पडतात आणि चुकीच्या प्रत्येकाला चाळीस. म्हणजे ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यापासून स्पर्धकाला धोका नसतो. त्यांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. धोका असतो तो माझ्यासारख्यापासून. ज्याला अर्धे ठाऊक असते तो खात्रीने चुकतो, शेजाऱ्याला सांगतो, आणि चुका चारी दिशांना न जाता एकाच बाजूला साचतात. ते ४१ टक्के असेच साचले असणार. त्यांतली तीन मते तर माझ्या एकट्याच्या घशातून निघाली होती. अडाणीपणाने त्या बाईंचे काही बिघडले नसते, एका एम. ए. माणसाच्या आत्मविश्वासाने मात्र त्यांच्या मुलीची फी जवळजवळ घालवली होती. घरच्या खुर्चीत चुकण्याची किंमत एक कप चहा असते, म्हणून ही गोष्ट वीस वर्षे ध्यानात आली नव्हती.

महिन्याभराने कार्यक्रम दाखवला गेला. बाईंचे उत्तर बरोबर आले आणि लगेच आम्ही तिघे पडद्यावर झळकलो, चांगले दोन सेकंद! मी हसून टाळ्या वाजवत होतो. इमारतीतल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून सांगितले, "सर, काय मनापासून टाळ्या वाजवत होतात हो तुम्ही!" ते चित्र दुपारच्या तालमीतले होते. रिकाम्या खुर्चीसाठी वाजवलेल्या टाळ्या त्या. ज्या मनापासून वाजवल्या त्या कोणीच पाहिल्या नाहीत, ते बरेच झाले; त्या वेळचा माझा चेहरा दाखवण्यासारखा नव्हता.

अजूनही मी तो कार्यक्रम पाहतो, खुर्ची पुढे ओढतो. पण उत्तर देण्यापूर्वी थोडा थांबतो. वर्गात एखाद्याने अवघड शंका विचारली तर हल्ली "उद्या बघून सांगतो" असे म्हणायला लागलो आहे. मुले चमकून पाहतात. सवय होईल त्यांना.

एक गोष्ट तेवढी राहिली आहे. आमची कन्या दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंक एकाच बैठकीत संपवते, आणि हे सदर ती आधी वाचते. तेव्हा तिला जे गाडीत सांगायला हवे होते ते इथे सांगतो. बाळ, मी रताळे दाबले होते.