फलकाखाली सही नको

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या कोचिंगच्या गल्ल्यांत नवे फलक झळकतात: रशिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, जॉर्जिया. 'कमी बजेटमध्ये एमबीबीएस.' सरकारी जागा थोडक्यात हुकलेली आपली मुले-मुली आणि त्यांचे पालक तिथे थांबतात. काही दिवसांतच टोकन भरले जाते. नंतर कुणी शेत विकतो, कुणी घर गहाण टाकतो.

परीक्षेची तयारी कशी करावी, हे लातूरने साऱ्या महाराष्ट्राला शिकवले. परदेशी जाण्याची तयारी मात्र आपण अजून एजंटच्या हाती देतो. ती आपल्या हाती घ्यायला हवी, आणि निकालाच्या किमान दोन वर्षे आधी.

डॉक्टरकीचेच पाहा. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. पूर्ण शिक्षण आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी. त्या पदवीवर त्या देशातही प्रॅक्टिस करता आली पाहिजे. नीट पात्रता तर लागतेच. परतल्यावर 300 गुणांच्या परीक्षेत 150 मिळवावे लागतात आणि बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यात नापास होतात. यातली एक अट चुकली तरी सहा वर्षे आणि घरची जमीन पाण्यात जाते. 'मान्यताप्राप्त' हा शब्द फलकावर लिहायला पैसे पडत नाहीत. नियम कमिशनच्या वेबसाइटवर आहेत; ते स्वतः वाचा आणि अब्बा-अम्मींना मराठीत समजावून सांगा.

परदेश म्हणजे फक्त एमबीबीएस, हाही गैरसमज सोडू या. इंजिनीअरिंग किंवा विज्ञानाच्या पदवीनंतर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क जवळपास नाही. पण नोव्हेंबर 2022 पासून तिथल्या व्हिसासाठी आपल्या कागदपत्रांची एपीएस तपासणी सक्तीची आहे. तिचे शुल्कच 18 हजार रुपये आहे. शिवाय वर्षभराच्या राहण्याच्या खर्चापोटी सुमारे 12 हजार युरो खात्यात आधी दाखवावे लागतात.

आपल्याकडची खास अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख' आधी, आधारवर शेवटी आणि पासपोर्टवर त्याचे स्पेलिंग तिसरेच. सय्यद, पठाण, मोहम्मद यांचीही तीच गत. व्हिसाच्या टेबलावर ही तीन वेगळी माणसे ठरू शकतात. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून अकरावीतच सगळे कागद एकत्र मांडून तपासा.

आता पैसा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाचा भार उचलणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने 2022-23 पासून बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. राज्याने अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली, पण जागा साऱ्या राज्यात 27, आणि विद्यापीठ क्यूएस यादीत पहिल्या 200 मधले हवे. व्याजाच्या प्रश्नामुळे बँकेची पायरी न चढणाऱ्या घरांसाठी के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया या संस्थांची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आहे. इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या शिष्यवृत्त्याही आहेत. स्पर्धा मोठी आहे, पण अर्जच न करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

पुष्कळ मुले मात्र मोठ्या फीआधीच गळतात. आयईएल्टीएसचे सतरा-अठरा हजार, एपीएस, पासपोर्ट, ट्रान्स्क्रिप्ट मिळून पन्नासेक हजारांवर घोडे अडते. लग्नाच्या एका जेवणावळीत याहून अधिक खर्च करणारे मोहल्ले आपल्याकडे आहेत. प्रत्येक मोहल्ल्याने या तयारी-खर्चासाठी कर्ज-ए-हसनाचा छोटा फंड उभारावा. कमावता झालेला विद्यार्थी तो परत भरेल आणि पुढच्याचा रस्ता मोकळा होईल. या फंडात मुलींचा वाटा निम्मा असावा. पुण्यापर्यंत एकटी जाणारी मुलगी पुढेही जाऊ शकते.

बाहेर शिकून आलेल्यांनीही महिन्यातला एक रविवार गावातल्या वाचनालयाला द्यावा. त्यांच्यासमोर बसून अर्ज भरलेल्या मुलाला फलकाखाली थांबावे लागणार नाही.