आधी संगणकावर, मग रुळांवर!

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ प्रवाशांना प्राण गमवावे लागले. रेल्वेच्या चौकशीने दोष दिला तो पावसाला! मुंबईत पाऊस काय त्या दिवशी प्रथमच पडला होता?

खरे कारण वेगळे आहे. परळ परिसरातील गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. प्रवासी वाढले, पूल मात्र तोच राहिला. ही गर्दी जिन्यावर कोठे तुंबेल, हे आधी कळणे अशक्य नव्हते. संगणकीय प्रतिरूपण, म्हणजेच सिम्युलेशन, नेमके हेच दाखविते. पुलाची रुंदी, जिन्याचे वळण, गाड्यांच्या वेळा आणि प्रवासीसंख्या संगणकाला पुरवायची. दोन गाड्या एकाच वेळी आल्या आणि पावसामुळे माणसे जिन्यावरच थबकली तर काय होईल, ते पडद्यावर पाहायचे. तेथे चूक झाली तर आकृती बदलावी लागते; प्रत्यक्षात झाली तर तिरड्या उचलाव्या लागतात.

स्वित्झर्लंडने १९८७ साली सार्वमताने ‘बान २०००’ योजना स्वीकारली. तेथे आधी वेळापत्रक ठरले, मग त्यासाठी नवे रूळ कोठे हवेत ते ठरले. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून निघालेली ‘ओपनट्रॅक’ ही संगणकप्रणाली तर न बांधलेल्या मार्गावरही गाड्या धावून दाखविते. आमच्याकडे मात्र आधी भूमिपूजन, मग बांधकाम आणि शेवटी विचार!

हे केवळ परक्यांनाच साधते, असे मानणाऱ्यांनी पवईकडे पाहावे. रेल्वेमार्गाची क्षमता मोजणारे सिम्युलेटर तेथील आयआयटीने विकसित केले आणि २०२० मध्ये शून्याधारित वेळापत्रक आखताना रेल्वेने याच संस्थेचे साहाय्य घेतले. स्वदेशी बुद्धी उपलब्ध आहे. अभाव आहे तो तिला विचारण्याच्या सवयीचा.

त्या अभावाची किंमत पुन्हा मोजावी लागली. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर प्रयागराजला निघालेल्या गर्दीत १८ जण चिरडून मेले. कुंभाच्या पर्वण्या पंचांगात कितीतरी आधी ठरलेल्या असतात. ज्या गर्दीची तिथी ठाऊक आहे, ती ‘अनपेक्षित’ कशी?

संगणकाला खोटे आकडे दिले तर तो खोटेच उत्तर देईल, हा आक्षेप मान्य. म्हणूनच माणसे प्रत्यक्ष मोजा आणि निष्कर्ष जनतेसमोर ठेवा. प्रतिरूपणाविना कोणत्याही स्थानकाची, पुलाची वा मार्गाची निविदा निघू नये, असा दंडक रेल्वे मंडळाने घालून द्यावा. नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ ही त्याची पहिली कसोटी ठरो. देवदर्शनास निघालेला भाविक सुखरूप घरी परतणे, हा नशिबाचा नव्हे, नियोजनाचा विषय आहे. ही जाण ज्या अधिकाऱ्याला नाही, त्याने पावसाला बोल लावू नये!